करवत, मधली फळी (निवृत्त)

सदर इसम, वय सुमारे पंचेचाळीस, उंची मध्यम, बांधा दणकट, राहणार क्लबच्या मैदानामागील गल्लीत, व्यवसाय फुटबॉल (मधली फळी, निवृत्त), यांनी आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत क्लबची अखंड सेवा केली असून त्यांची वर्तणूक खेळाच्या उज्ज्वल परंपरेस साजेशी राहिलेली आहे. शारीरिक खुणा: डाव्या भुवईवर टाक्यांची रेघ, नाक दोनदा बसविलेले, वरचे पुढील दात स्वतःचे नाहीत. स्वभाव: शांत. सबब त्यांच्या सन्मानार्थ निरोपाचा सामना आयोजित करण्यास ही समिती मंजुरी देत आहे.

हा मजकूर क्लबच्या अध्यक्षांनी बैठकीत वाचून दाखवला. ‘स्वभाव: शांत’ इथे आल्यावर समितीतले दोघं हसले आणि तिसऱ्याने टेबलाखाली नकळत स्वतःची नडगी चोळली. ठराव एकमताने मंजूर झाला. गृहस्थ निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली होती, की निरोप घेण्यासाठी त्यांना आधी परत यावं लागणार होतं. ही अडचण कुणाच्या लक्षात आली नाही.

शहरात त्याला करवत म्हणत. पत्र्याच्या स्टँडमधले लोक एके काळी सामन्याला खऱ्या करवती आणायचे. पोलिसांनी बंदी घातल्यावर पुठ्ठ्याच्या आल्या, वर चंदेरी कागद चिकटवलेल्या. समोरचा कुणी आडवा झाला की हजारो पुठ्ठे एका लयीत पुढे-मागे हलत आणि सगळं मैदान ‘खर्र-खर्र’ करू लागे. पाहुण्या संघातल्या पोरांच्या आया घरी रेडिओवर हा आवाज आला की रेडिओ बंद करत आणि फोनजवळ जाऊन बसत.

लोकप्रियता म्हणावी तर अशी, की दुकानाच्या उद्घाटनाला त्याला बोलावलं तर फीत कापायला कात्री देत नसत, करवत देत. करवतीने फीत कापली जात नाही. ती ताणते, गुंडाळते, दातांत अडकते, आणि शेवटी पाहुण्याला तोंडाने तोडावी लागते. बँकेतला एक कारकून गिऱ्हाइकांना पँट वर करून नडगीवरचा व्रण दाखवायचा आणि फक्त म्हणायचा, “करवत. सराव सामना.” तो लहानपणी सायकलवरून पडला होता हे त्याच्या बायकोला माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर तीही गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची. रस्त्यात अनोळखी माणसं वाट अडवून पाय पुढे करत. “हळू मारा हो साहेब, पण खूण राहू द्या.” एकदा एका न्हाव्याने दाढी अर्धी ठेवून वस्तरा खाली ठेवला, पायातली चप्पल काढली आणि घोटा पुढे केला. दाढी पुरी करून घ्यायची होती, म्हणून करवतीने लाथ मारली. न्हावी महिनाभर लंगडत फिरला. त्या काळात त्याचं दुकान जितकं चाललं तितकं आधी कधी चाललं नव्हतं आणि नंतरही चाललं नाही.

या सगळ्याची सुरुवात एका चुकीने झाली, आणि ती त्याची नव्हती.

करवत व्हायच्या आधी तो पोस्टमन होता. म्हणजे त्याला तसं म्हणत, कारण त्याचा पास बरोबर पत्त्यावर जायचा. मधल्या फळीतला हा काटकुळा पोरगा धावायचा कमी, बघायचा जास्त. चेंडू पायाशी आला की मान वर, आणि दुसऱ्याच क्षणी चेंडू पन्नास पावलांवरच्या कुणाच्या तरी बुटासमोर ठेवलेला. कोचला तो आवडायचा. प्रेक्षकांना तो दिसायचाच नाही. गोल ज्याने मारला त्याच्या नावाने ते ओरडत, आणि चेंडू तिथवर कुणी आणला हा प्रश्न लोकांना गोलानंतर पडत नाही.

त्याच संघात डाव्या बाजूच्या बचावाला त्याचा दोस्त होता. तशीच उंची, तसेच बारीक कापलेले केस. पुढे याच दोस्ताच्या थोरल्या बहिणीशी पोस्टमनचं लग्न झालं, म्हणून त्याला आताच मेहुणा म्हणू, गोंधळ नको.

नदीपलीकडच्या क्लबशी सामना होता. माळ्याने पाण्याचा नळ चालू ठेवला होता, तेव्हा मैदानाच्या मध्यभागी घोटाभर चिखल. अर्ध्या तासात सगळे खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचे झाले. पाठीवरचे आकडे गेले, चेहरे गेले. पंचाला चष्मा होता आणि चष्म्यालाही चिखल होता. पलीकडचा विंगर, त्या मोसमातला सगळ्यात वेगवान पोरगा, चेंडू घेऊन निघाला आणि मेहुण्याने धावत येऊन दोन्ही पाय उचलले. बूट नडगीवर बसले. आवाज पत्र्याच्या स्टँडपर्यंत गेला. ओल्या फांदीचा येतो तसा नव्हे, वाळलेल्या. विंगरच्या मोज्यातून हाड बाहेर आलं. ते पांढरं होतं आणि त्या मैदानावर त्या दिवशी तेवढंच पांढरं होतं.

सगळे दोन पावलं मागे सरले. पोस्टमन पुढे गेला. गुडघ्यावर बसून त्याने त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं, त्याची जीभ मागे जाऊ नये म्हणून तोंडात बोटं घातली, आणि पोराने ती कडाडून चावली. पंच धापा टाकत पोचला तेव्हा त्याला दिसलं ते असं: एक पाय मोडलेला खेळाडू, आणि त्याच्याजवळ हाताला रक्त लागलेला एकच माणूस. त्याने लाल कार्ड काढलं.

“मी नाही,” पोस्टमन म्हणाला.

पंचाच्या अहवालात हे ‘उद्धट हुज्जत’ म्हणून आलं आणि बंदी दुप्पट झाली. मेहुणा बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हती.

पोस्टमन चिखलातून बाहेर चालू लागला तेव्हा पत्र्याच्या स्टँडने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. नदीपलीकडच्यांचा सगळ्यात चांगला पोरगा स्ट्रेचरवर होता आणि त्याला तिथे पाठवणारा हा इथे होता, रक्ताळलेल्या हातांचा, मान खाली घातलेला, जराही पश्चात्ताप न दाखवणारा. कुणीतरी ओरडलं, “करवत!” बाकीच्यांनी ते उचललं. स्ट्रेचर जाताना स्टँडमधून बाटल्या आल्या. एक विंगरच्या भावाच्या डोक्यात फुटली. बाहेर दोन्ही गावांची माणसं सायकलच्या साखळ्यांनी एकमेकांना बडवत राहिली आणि त्या भागातल्या दवाखान्यांत त्या दिवशी टाके घालायचा दोरा संपला.

बंदी उठल्यावर पोस्टमन परत आला तो पोस्टमन म्हणूनच. पहिला चेंडू मिळाला, मान वर, सुंदर पास. स्वतःच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसरा पास. स्टँडमधून अर्धी वीट आली आणि खांद्यावर बसली. मध्यंतरात कोच म्हणाला, “हे बघ, बाहेर रांगा लागल्यात. लोक पास बघायला आलेले नाहीत.”

“मग काय बघायला आलेत?”

“तुला.”

“पण मी पासच देतो.”

“म्हणूनच म्हणतोय, तू जरा कमी हो.”

मध्यंतरानंतर समोरचा मिडफिल्डर चेंडू घेऊन वळत होता. करवत (आता त्याला करवत म्हणायला हरकत नाही) त्याच्या घोट्यातून आरपार गेला. घोटा फिरला आणि त्याच्या मालकाला सोडून भलत्याच दिशेला बघू लागला. मैदान असं उसळलं की पत्रे थरथरले. सामन्यानंतर तो कपडे बदलायच्या खोलीमागे, बॉयलरच्या आडोशाला, ओकला. पुढच्या दोन-तीन वेळाही ओकला. नंतर ओकणं थांबलं. याला अनुभव म्हणतात.

त्यानंतरची कारकीर्द वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत सापडते आणि हाडांच्या इस्पितळातही. त्याने घोटे फिरवले, गुडघे उघडले, कोपराने जबडे बाजूला सारले. त्याचंही काही शिल्लक ठेवलं गेलं नाही: नाक दोनदा गेलं, पुढचे दात एका गोलरक्षकाच्या गुडघ्यात रुतून राहिले आणि पुढे पू झाल्यावर डॉक्टरांना तिथून काढावे लागले. एकदा त्याने एका मुलाखतीत सरळ सांगून टाकलं की तो पहिला पाय मी मोडलाच नव्हता. पेपराने मथळा दिला: ‘करवतीचा विनय’. वाचकांची पत्रं आली की इतका मोठा माणूस, पण श्रेय घ्यायला तयार नाही. खुद्द त्या विंगरनेही पत्र लिहिलं. तो आता लोकांच्या कार्यक्रमांना मोडका पाय घेऊन जायचा आणि मानाने बसायचा. ‘आपण मला मोडलंत हे मी मुलांना अभिमानाने सांगतो,’ असं त्यात होतं.

बायको त्याच इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. टेबलावर माणसं यायची, ती ओल्या पट्ट्या गुंडाळायची, सुकल्यावर महिन्याने कापून काढायची. खरी करवत घरात तिच्याकडे होती, छोटी, विजेवर चालणारी. नवरा मोडायचा आणि ती जोडायची; शेजारी याला घरगुती उद्योग म्हणत.

“अहो, तुमचा शनिवारचा आला होता,” ती जेवताना सांगायची.

“कोणता?”

“गुडघा. रडत होता. चांगल्या घरचा वाटला.”

“काय म्हणाला?”

“सही मागत होता तुमची, प्लास्टरवर. मी म्हटलं, आधीच केली आहे त्यांनी, आतमध्ये.”

तिला पहिल्या दिवसापासून खरं माहीत होतं, भावानेच सांगितलं होतं. मेहुण्याचं आयुष्य मात्र वेगळ्या दिशेने गेलं. त्या लाल कार्डानंतर तो इतका घाबरला की पुन्हा कुणाला धक्काही लावला नाही. पंच त्याला ओळखू लागले, समोरचे खेळाडू त्याच्याशी हात मिळवू लागले, आणि क्लबने ओळीने काही वर्षं त्याला खिलाडूवृत्तीची ढाल दिली. लोक त्याला सोज्वळ म्हणू लागले. बैठकीच्या खोलीत त्याच्या ढाली लावलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे पाठ करून तो दारू प्यायचा. नावाने ओरडणं सोडाच, निवृत्तीनंतर त्याला कुणी रस्त्यात ओळखतही नव्हतं. सोज्वळ माणसाला घोटा दाखवायला कोण येणार? दारू चढली की तो करवतीला म्हणायचा, “दाजी, तुमचं सगळं आयुष्य माझ्या एका लाथेवर उभं आहे.” ते खरं होतं, म्हणून करवत त्याचा पेला पुन्हा भरायचा.

निरोपाच्या सामन्याला करवत वर्षानुवर्षं नाही म्हणत आला होता. या वेळी तो हो म्हणाला तो मुलामुळे.

मुलगा एकोणीस वर्षांचा, क्लबच्या तरुण संघात, मधली फळी. काटकुळा. चेंडू आला की मान वर. त्याला पाहून करवतीच्या छातीत काहीतरी दुखायचं आणि ते बरगडीचं जुनं फ्रॅक्चर नव्हतं. पण मुलाने पास दिला की पत्र्याचा स्टँड हसायचा. करवतीचा मुलगा म्हणून त्यांनी त्याचं नाव ‘भुसा’ ठेवलं होतं. “भुसा, बापाला पाठव!” असं ओरडायचे. कोच त्याला बाकावर बसवून ठेवायचा. इथे राहिला तर एकतर बाकावर सडेल नाहीतर बाप होईल, हे करवतीला दिसत होतं. बाहेरच्या एका मोठ्या क्लबचा माणूस, जो गावोगाव फिरून खेळाडू निवडायचा, निरोपाच्या सामन्याला यायला तयार झाला. तेव्हा करवतीने अध्यक्षांना एकच अट घातली: समोर तरुण संघ खेळवा, आणि त्यात मुलगा पूर्ण वेळ.

“मुलाला बापासमोर? वा!” अध्यक्ष म्हणाले. “तिकिटं संपतील.”

“मी त्याला हात लावणार नाही.”

“नका लावू,” अध्यक्ष म्हणाले. “पण आधी सांगू नका कुणाला.”

आदल्या संध्याकाळी मेहुणा जेवायला आला. त्यालाही जुन्या संघात घेतलं होतं.

“उद्या लोकांना कळेल,” तो म्हणाला.

“काय कळेल?” बहिणीने विचारलं.

“टॅकल कसा असतो ते.”

“मामा, तुम्ही?” मुलगा हसला. “तुम्ही तर चेंडूची परवानगी घेऊन मग लाथ मारता म्हणे.”

मेहुणा हसला नाही. “ताई, तुझ्या पोराला समजाव.”

“तू समज आधी,” ती म्हणाली. “उद्या मला सुट्टी आहे. माझ्या टेबलावर कुणीही आलेलं मला चालणार नाही. नवरा नाही, पोरगा नाही, भाऊ नाही. वाढू का अजून?”

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत जुने खेळाडू पोटं आत घेऊन जर्सी ओढत होते. मलमाचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी गुडघ्याचा कट-कट आवाज. मेहुणा कोपऱ्यात बूट मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या हातात कानस होती आणि तो तळाचे लोखंडी स्टड घासत होता. करवतीने एकाला अंगठा लावून पाहिला. अंगठ्यातून रक्त आलं.

“हे काय?”

“मैदान ओलं आहे. पकड हवी.”

“मैदान कोरडं ठणठणीत आहे.”

“मग सवय म्हणा.”

“समोर कोण आहे ठाऊक आहे ना तुला?”

मेहुण्याने कानस फुंकली. “समोर तुमचा मुलगा आहे, दाजी. म्हणूनच. दुसऱ्या कुणाला आडवा केला तर लोक पुन्हा म्हणतील करवतीनेच केला. स्वतःच्या पोराला करवत कशाला तोडेल? या वेळी त्यांना बघावंच लागेल की कुणी मारलं.”

यात तर्क होता. वीस वर्षं दारू पिऊन माणूस इतका स्वच्छ विचार करू शकतो याचं करवतीला आश्चर्य वाटलं असतं, पण वेळ नव्हता. तो अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, याला खेळवू नका, हा माझ्या पोराला मारणार आहे. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “कोण, सोज्वळ? तुम्हाला नर्व्हस वाटतंय. साहजिक आहे.” मुलाला सांगावं तर तो घाबरून खेळेल, आणि घाबरलेला मिडफिल्डर पाहायला मोठा क्लब माणूस पाठवत नाही. म्हणून करवतीने मुलाला सांगितलं नाही. मेहुण्याच्या जवळ राहायचं, एवढंच ठरवलं.

मैदान भरलं होतं. पुठ्ठे वर. मोडक्या पायाचा विंगर पहिल्या रांगेत हार घालून बसला होता. मोठ्या क्लबचा माणूस त्याच्याशेजारी, शेंगदाणे सोलत.

मुलगा खेळला मात्र असा, की जे खेळ बघत होते त्यांना तो कायमचा आठवावा. ते थोडे होते. पायाच्या बाहेरच्या कडेने, टाचेने, न बघता. चेंडू जिथे हवा तिथे, हवा तेव्हा. करवतीनेही दोन पास दिले, जुन्या सवयीने, आणि पत्र्याचा स्टँड गुरगुरू लागला. पैसे देऊन रक्त बघायला आलेल्या माणसाला पास म्हणजे चेष्टा वाटते. “करवत! कापा!” ते ओरडू लागले. काहीच कापलं जाईना तेव्हा स्टँडमध्ये आपसातच सुरू झालं. कुणीतरी पुठ्ठ्यात लपवून खरी करवत आणली होती. ती एकाच्या कानावरून फिरली आणि अर्धा कान शेजाऱ्याच्या खिशात पडला. पोलीस लाठ्या घेऊन चढले. खर्र-खर्र काही थांबली नाही.

मध्यंतराच्या जरा आधी मेहुण्याने मुलाला पहिल्यांदा गाठलं. हवेतल्या चेंडूसाठी दोघं उडाले आणि मामाचं कोपर भाच्याच्या तोंडावर बसलं. मुलगा गवतावर ओणवा झाला आणि त्याने हातावर एक दात थुंकला. पंचाने पाहिलं, पण कोपर सोज्वळचं होतं, तेव्हा अपघात. त्याने खेळ पुढे चालू ठेवला. लोकांनीही ओरडायची तसदी घेतली नाही.

करवतीने मेहुण्याची जर्सी गळ्याशी धरली. “पुन्हा नाही.”

“बघितलंत?” मेहुण्याचे डोळे पाणावले होते. “दात पाडला, तरी कुणी बघत नाही! दात पाडला मी!”

“तुझ्या बहिणीचा मुलगा आहे तो.”

“वीस वर्षं तुम्ही खाल्लंत, दाजी. एक घास माझा.”

मध्यंतरात आई पायऱ्या उतरून खाली आली, मुलाच्या तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाली, “चल घरी.”

“आई, तो माणूस बघतोय.”

“तो शेंगदाणे खातोय.”

“खाताना बघतोय.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ ‘मी आहे’ असा होता. तिला तो पुरेसा वाटला नाही, पण ती परत वर जाऊन बसली.

शेवटची काही मिनिटं उरली होती. मुलाला मध्यभागी चेंडू मिळाला, पाठ जुन्या संघाच्या गोलकडे, वजन सगळं उजव्या पायावर. हीच ती वेळ असते. करवतीला ती जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त ओळखीची होती. आणि त्याला बाजूने मेहुणा येताना दिसला, पोट आत, ओठ आत, पळत, आणि मग दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले, घासलेले स्टड उन्हात चमकलेले, नेम त्या उजव्या नडगीवर.

ओरडून उपयोग नव्हता; मैदानात करवतीच्या नावाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्याने जे येत होतं ते केलं. चार पावलं धावला, आडवा झाला, आणि मेहुणा मुलापासून हातभर अंतरावर असताना त्याला पायांतून कापलं. गुडघा आधी गेला, मग त्याखालचं हाड. वाळलेल्या फांदीचा आवाज. मेहुणा हवेत अर्धा वळला, खांद्यावर आपटला, आणि त्याचा एक स्टड करवतीची पोटरी फाडत गुडघ्यापर्यंत गेला. दोघं एकमेकांच्या रक्तात घोळत दूर गेले. मेहुण्याच्या मोज्यातून काही बाहेर आलं नव्हतं, पण पाय जिथे वाकायला नको तिथे वाकला होता आणि तो आईला हाक मारत होता.

मुलाला मागे काय झालं हे कळलंच नव्हतं. त्याने वळून मान वर केली आणि अर्ध्या मैदानावरून एक पास उचलला, बचावाच्या दोन माणसांमधून, धावणाऱ्याच्या बुटासमोर ठेवला. गोल झाला. तो पास त्याच्या बापाने आयुष्यात दिलेल्या कुठल्याही पासापेक्षा चांगला होता. तो पाहिला फक्त गोलरक्षकाने, कारण त्याला पाहावा लागला. बाकी सगळं मैदान, पंच, अध्यक्ष, आई आणि शेंगदाणे हातात धरून उभा राहिलेला मोठ्या क्लबचा माणूस, मेहुण्याच्या पायाकडे बघत होतं.

स्वतःच्या संघातल्या माणसाला मोडल्याबद्दल करवतीला लाल कार्ड मिळालं. स्टँडला हे नवंच होतं, म्हणून आधी पुठ्ठे थबकले आणि मग पत्रे उडतील असा जल्लोष झाला. सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की करवत मुलालाच कापायला निघाला होता, मध्ये बिचारा सोज्वळ आला. पोटच्या पोरापुढेही बापाचं मन डगमगलं नाही, असं पेपरात दुसऱ्या दिवशी आलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मोठ्या क्लबचा माणूस मुलाची वाट बघत उभा होता. करवत बाकावर बसून पोटरीवर टॉवेल दाबत होता; टॉवेल आता मूळच्या रंगाचा नव्हता.

“गोल बघितलात?” मुलगा दात पडलेल्या तोंडाने म्हणाला.

“गोल झाला?” त्या माणसाने विचारलं. “असेल. पास देणारी पोरं आमच्याकडे ढीगभर आहेत. मला सांग, वडिलांनी आत्ता जे केलं, ते तुला येतं का?”

करवत म्हणाला, “त्याला येत नाही. त्याला पास येतो. तोच बघा.”

“आपण असं म्हणणारच,” तो माणूस आदराने म्हणाला. “आपला विनय प्रसिद्ध आहे.” आणि पुन्हा मुलाकडे वळला. “येतं का?”

मुलाने बापाच्या पोटरीकडे पाहिलं. मग बाकाकडे, जिथे तो मोसमभर बसला होता. जिभेने दाताची रिकामी जागा चाचपली.

“येतं,” तो म्हणाला.

“अरे, खोटं का—”

“बाबा, तुम्ही गप्प बसा.”

संध्याकाळी सुट्टी असूनही आई प्लास्टरच्या खोलीत होती. भावाचा पाय मांडीपर्यंत गुंडाळत होती, जरा घट्टच. तो कळवळत होता, पण त्याला एकच विचारायचं होतं.

“ताई, खरं सांग. लोक माझं नाव घेत होते ना?”

“घेत होते.”

“काय म्हणत होते?”

“बिचारा सोज्वळ.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला. क्लबच्या समितीने पुढच्या बैठकीत त्याला खिलाडूवृत्तीची ढाल एकमताने मंजूर केली. या वेळी मोठी.

“मुलाचं काय झालं?” तिने घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. तो पाय खुर्चीवर ठेवून बसला होता.

“घेतलं त्यांनी.”

“मग असं तोंड का?”

“पास न बघता घेतलं,” तो म्हणाला.

मोठ्या क्लबने प्रसिद्धीला दिलेल्या पत्रकात असं म्हटलं होतं: सदर खेळाडू, वय एकोणीस, हा कल्पक व शांत वृत्तीचा मिडफिल्डर असून त्याच्या आगमनाने आमच्या खेळाच्या सौंदर्यात निश्चितच भर पडेल, असा व्यवस्थापनास विश्वास आहे.

पहिल्याच सामन्यात त्याने एका माणसाचा जबडा तीन जागी मोडला.